गॅदरिंगच्या गाण्यांना लायसन्स लागतं का? कुठं लागतं, कुठं अजिबात लागत नाही

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजचं तीन दिवसांचं गॅदरिंग, पहिले दोन दिवस पोरापोरींची गाणी, नाच, एकांकिका, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेरचा बँड आणि त्यानंतर डीजे, त्या दिवशी गावातल्या लोकांनाही तिकीट लावून आत घ्यायचं, सगळं यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं, आणि नेमकं आत्ता प्राचार्यांच्या मेलवर एका लायसन्सवाल्या कंपनीचं पत्र आलंय की परवाना न घेता गाणी वाजवलीत तर कारवाई करू. कमिटीतले एक सर म्हणतात शिक्षणसंस्थेला सगळं माफ असतं, दुसरे म्हणतात मागतायत तेवढे भरून मोकळे व्हा.

मी कॉपीराइटचंच काम करतो, कधी गीतकार-संगीतकारांच्या बाजूनं आणि कधी कार्यक्रम करणाऱ्यांच्या बाजूनं, त्यामुळे सांगतो, या दोघांचंही ऐकू नका. अख्खं गॅदरिंग एक धरलं की उत्तर निघतच नाही. एकेक आयटम घेऊन बघायचं की कोण गातंय, कशावर गातंय आणि समोर कोण बसलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सोपं जाईल. एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग हे तिसरंच, ते बहुतेक वेळा म्युझिक कंपनीच्या नावावर असतं. तुमची विद्यार्थिनी पेटी-तबल्यावर भावगीत गाते तेव्हा ती शब्द आणि चाल वापरते, रेकॉर्डिंग वापरत नाही. तेच गाणं स्पीकरवर लावून त्यावर ग्रुप डान्स बसवला की तिन्ही हक्क आले. आणि कराओके ट्रॅक लावून गाणं म्हटलं तर तो ट्रॅक हेही कुणाचं तरी रेकॉर्डिंगच असतं, हे लोक हमखास विसरतात.

आता कायदा. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम ५२. या कलमात ज्या गोष्टी केल्यानं कॉपीराइटचा भंग होत नाही त्यांची लांबलचक यादी आहे आणि त्यातलं ५२(१)(जे) हे तुमच्या कामाचं. त्यात काय म्हटलंय ते माझ्या शब्दांत सांगतो: शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांचा भाग म्हणून त्या संस्थेच्या स्टाफनं आणि विद्यार्थ्यांनी साहित्यकृती, नाटक किंवा संगीत सादर केलं तर भंग नाही, आणि सिनेमा किंवा रेकॉर्डिंग दाखवलं-वाजवलं तरी भंग नाही, पण मग प्रेक्षक म्हणून फक्त स्टाफ, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आईवडील किंवा पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं हवीत. बघा यात 'फक्त वर्गात' असं कुठंही नाही, 'संस्थेचे उपक्रम' असं आहे, आणि गॅदरिंग हा कॉलेजचा उपक्रम नाही असं कोण म्हणेल? वार्षिक अहवालात त्याचा फोटो छापता, त्याचं बजेट मंजूर करून घेता, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवता.

म्हणजे तुमचे पहिले दोन दिवस जवळजवळ पूर्ण या सुटीत बसतात. पोरं गाणार, पोरं नाचणार, समोर पोरं, शिक्षक, पालक. त्यासाठी कुणालाही एक रुपया द्यायची गरज नाही आणि 'द्यावाच लागतो' असं कुणी म्हणालं तर त्याला हे कलम दाखवा. प्रमुख पाहुणे, संस्थेचे ट्रस्टी, माजी विद्यार्थी संघाचे पदाधिकारी हेही संस्थेशी संबंधित म्हणून चालतात असं माझं मत. पण गेट उघडं टाकून 'या सगळे' केलं की रेकॉर्डिंगच्या बाबतीत अट मोडली. आयकार्ड आणि पालकांचे पास, एवढ्या साध्या गोष्टीवर तुमचा कायदेशीर बचाव उभा असतो म्हणून गेटवरच्या व्हॉलंटियरना हे नीट समजावून सांगा, आणि पासचं रजिस्टर ठेवा.

एक बारीक मुद्दा. प्रेक्षकांची ती अट फक्त सिनेमा आणि रेकॉर्डिंगला आहे की विद्यार्थ्यांच्या लाइव्ह गाण्यालाही आहे? वाक्याची रचना बघता ती सिनेमा-रेकॉर्डिंगच्या भागाला जोडलेली आहे असं मी वाचतो, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यानं वाद्यांच्या साथीनं गायलेलं गाणं बाहेरच्या चार लोकांनी ऐकलं म्हणून सूट जात नाही. तरी मी कॉलेजला सल्ला देताना दोन्हीला अट लावूनच चालतो, कारण समोरचा वकील दुसऱ्या बाजूनं वाचणार आणि त्या भांडणात कॉलेजचा वेळ जाणार.

कोर्टानं या सुटीकडे कसं बघितलंय त्याचं एक चांगलं उदाहरण आहे. कर्नाटकातले मोठे लेखक शिवराम कारंत यांनी यक्षगान या तिथल्या लोकनाट्याला बॅलेचं नवं रूप दिलं. त्यांच्यानंतर मणिपालच्या एका शिक्षणसंस्थेनं ते प्रयोग केले आणि मृत्युपत्रानं ज्यांच्याकडे हक्क आले होते त्या बाई कोर्टात गेल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २००९ चा निकाल आहे. संस्थेला मनाई तर झाली, पण सुप्रीम कोर्टानं मनाईच्या आदेशातच दुरुस्ती केली की शिक्षणसंस्थेच्या सुटीत काटेकोरपणे बसणारा प्रयोग असेल तर ही मनाई लागू नाही. यात 'काटेकोरपणे' हे फार महत्त्वाचं आहे. शिक्षणसंस्था आहे म्हणून सूट नाही, कलमातल्या अटी पाळल्या म्हणून सूट. तुमचे पहिले सर इथंच चुकतात.

वर्गातल्या शिकवण्याचं तर वेगळंच कलम आहे, ५२(१)(आय). शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकण्या-शिकवण्याच्या ओघात काढलेली प्रत, परीक्षेच्या पेपरातला वापर, उत्तरातला वापर, हे सगळं मोकळं. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं २०१६ साली सांगितलं की शिकवणं म्हणजे फक्त वर्गातलं लेक्चर नाही, त्याआधीचं आणि नंतरचं सगळं त्यात येतं. तुमच्या संगीत विभागानं नोटेशनच्या झेरॉक्स वाटल्या, बंदिशीचं जुनं रेकॉर्डिंग वर्गात ऐकवलं, विद्यार्थ्याकडून तेच गाऊन घेतलं, तर बिनधास्त करा.

आता येतो तिसरा दिवस, आणि खरी अडचण तिथंच आहे. बाहेरून आलेला बँड म्हणजे तुमचा स्टाफ नाही, विद्यार्थीही नाही. त्यामुळे त्यांच्या सादरीकरणाला ५२(१)(जे) लागूच होत नाही, मग समोर फक्त तुमचेच विद्यार्थी बसलेले असोत आणि प्रवेश फुकट असो. सेलिब्रिटी नाइट, स्टार गायकाचा शो, सगळं यात आलं. बँड स्वतःची गाणी म्हणणार असेल आणि त्यांनी हक्क कुणाला दिलेले नसतील तर प्रश्न नाही. दुसऱ्यांची गाणी म्हणणार, म्हणजे शब्द आणि चालीचं लायसन्स हवं आणि ते आयपीआरएसकडून. आयपीआरएस म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ साली स्थापन झालेली, मुंबईतली, गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकांची संस्था, केंद्र सरकारकडे कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदलेली. बँड नुसता लाइव्ह वाजवणार असेल तर रेकॉर्डिंगवाल्यांचं लायसन्स लागत नाही, हे लक्षात ठेवा कारण दोन्ही घ्या म्हणून सांगणारे एजंट भेटतात. मध्येच बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, लावणार असतील तर मात्र लागतं, म्हणून बँडला आधीच विचारा.

डीजे म्हणजे सगळंच रेकॉर्डिंग. वर बाहेरचे लोक, वर तिकीट. इथं सुटीचा प्रश्नच येत नाही, शब्द-चालीचं आयपीआरएसकडून आणि रेकॉर्डिंगचं वेगळं, अशी दोन लायसन्सं लागतात. रेकॉर्डिंगच्या बाजूला जरा गुंता आहे. पीपीएल ही १९४१ पासूनची जुनी कंपनी, ती आता नोंदणीकृत सोसायटी म्हणून नाही तर लेबलांकडून, म्हणजे म्युझिक कंपन्यांकडून, हक्क लिहून घेतलेली मालक म्हणून लायसन्स देते. काही मोठ्या लेबलांचे हक्क नोव्हेक्स या दुसऱ्या कंपनीकडे असतात. आणि रेकॉर्डिंगसाठी नोंदलेली सोसायटी म्हणून २०२१ साली आरएमपीएल आली. सोसायटी नसलेल्या कंपनीला लायसन्स देता येतं का यावरच कोर्टाकोर्टांत मतभेद आहेत, मद्रास हायकोर्टानं २०२१ मध्ये नाही म्हटलं, मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं की मालक असेल तर कलम ३० खाली देता येतं. तुमचं कॉलेज महाराष्ट्रात आहे, त्यामुळे मुंबई हायकोर्टाचं धरून चाला आणि 'ती सोसायटीच नाही' एवढ्या भरवशावर डीजे लावू नका.

व्यवहारात काय करायचं तर डीजेकडून गाण्यांची ढोबळ यादी आधी मागवायची, कुठली लेबलं आहेत ते बघायचं, आणि ज्यांच्याकडे ती आहेत त्यांचंच लायसन्स घ्यायचं. इव्हेंट मॅनेजरशी कराराच्या कागदावर 'लायसन्स कोण काढणार' हे स्पष्ट लिहून घ्या आणि काढल्याची प्रत कार्यक्रमाआधी हातात घ्या, 'आम्ही बघतो सर' वर सोडू नका. कारण डीजे निघून जातो, नोटीस कॉलेजच्या पत्त्यावर येते. पैसे घेऊन आपली जागा अशा कार्यक्रमाला वापरू देणाऱ्यालाही कायद्यानं जबाबदार धरता येतं, हे कलम ५१ मध्ये आहे, म्हणजे तुमचा हॉल भाड्यानं देतानासुद्धा भाडेकराराच्या कागदात ही अट टाका. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड अशी शिक्षा आहे, धंद्याच्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट ती कमी करू शकतं. घाबरवायला सांगत नाही, पण प्राचार्यांना हे माहीत असायला हवं.

तिकीट फक्त आपल्याच विद्यार्थ्यांना लावलं तर काय, असंही विचारतात. ५२(१)(जे) मध्ये पैशाबद्दल एक शब्दही नाही. आपल्याच विद्यार्थ्यांकडून गॅदरिंगची वर्गणी घेतली म्हणून सूट जाते असं मला वाटत नाही. बाहेरच्यांना विकलं की गेली.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही पण तो याच्याच पाठोपाठ येतो. पंधरा कॉलेजची पोरं तुमच्या हॉलमध्ये गाणार, तर ती 'त्या संस्थेची' विद्यार्थी नाहीत. इथं मी दुसरं कलम वापरतो, ५२(१)(एल): हौशी क्लबनं किंवा मंडळानं फुकट प्रेक्षकांसमोर साहित्य, नाटक किंवा संगीत सादर केलं तर भंग नाही. यात रेकॉर्डिंगचं नाव नाही. म्हणून स्पर्धेच्या नियमावलीतच लिहा, कराओके चालणार नाही, साथीला वाद्यं हवीत, संवादिनी-तबल्याची साथ आम्ही देऊ. प्रवेश सर्वांना मोफत. एवढ्या एका नियमानं गायनस्पर्धेची कायद्याची बाजू भक्कम होते, आणि मला तर मनापासून वाटतं की गाणंही सुधारतं, पोरांना साथीदाराबरोबर सूर धरायची, लय सांभाळायची सवय लागते, जी ट्रॅकवर कधीच लागत नाही. समूहनृत्याच्या स्पर्धेत ट्रॅक टळत नाही, तिथं यजमान कॉलेजनं लायसन्स घ्यावं, आणि विद्यापीठाचा युवा महोत्सव असेल तर विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाला सांगा की सगळ्या केंद्रांसाठी मिळून तुम्हीच घ्या, एकेका कॉलेजनं धावपळ करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

एकांकिकेला आपल्याकडे लेखकाचं परवानगीपत्र घ्यायची पद्धत आहे, स्पर्धेवाले ते मागतातच, आणि कायद्यानं सूट असली तरी ती पद्धत मोडू नका. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, पोलिसांची परवानगी, लाउडस्पीकरची रात्री दहाची मर्यादा, हे सगळे वेगळे विषय आहेत, त्यातलं काहीही मिळालं म्हणून गाण्यांचं लायसन्स मिळालं असं होत नाही.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो की सरकारनं गाणी फ्री केली. ते लग्नाबद्दल आहे. कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधी आणि सरकारी समारंभांना सूट आहे, वरात आणि लग्नाचे इतर समारंभ धार्मिक विधीत धरलेत, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटी खात्यानं (कॉपीराइटचा विषय याच खात्याकडे आहे) त्याबद्दल जाहीर सूचना काढली. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये तसंच परिपत्रक काढलं, पण मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केलं. कॉलेजच्या डीजे नाइटला यातलं काहीही लागू नाही. कॉलेजच्या गणपतीची आरती, सरस्वतीपूजन, हे धार्मिक विधी म्हणून मोकळं आहेच, पण त्याच मांडवात रात्री ऑर्केस्ट्रा ठेवला तर तो पूजेचा भाग होत नाही.

यूट्यूब लाइव्हबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. आख्ख्या गॅदरिंगमध्ये कॉलेजं सगळ्यात जास्त अडकतात ती इथं. सूट आहे ती ठरावीक प्रेक्षकांसमोरच्या सादरीकरणाला. इंटरनेटवर टाकलं की प्रेक्षक सगळं जग, आणि शिवाय त्या सादरीकरणाचं तुम्ही नवं रेकॉर्डिंग करून ते पसरवताय. हॉलमध्ये पूर्ण कायदेशीर असलेला ग्रुप डान्स यूट्यूबवर गेल्या क्षणी बेकायदा होऊ शकतो. यूट्यूबची यंत्रणा रेकॉर्डिंग ओळखते, मग कधी जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, कधी आवाज बंद होतो, कधी लाइव्हच मध्ये तुटतं, आणि स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचे यूट्यूबचे इशारे, आले तर चॅनलच धोक्यात येतो, ज्यावर तुमची लेक्चर्सही असतात. म्हणून भाषणं, बक्षीस समारंभ, विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या रचना आणि जुनी मोकळी झालेली गाणी एवढंच लाइव्ह करा. बाहेरगावच्या पालकांसाठी हवंच असेल तर लॉगिन असलेल्या बंद लिंकवर दाखवा, ते कलमाच्या जवळ जातं, सगळ्यांना खुलं मात्र नको.

'जुनी मोकळी झालेली' म्हणजे काय तेही सांगतो, कारण मराठी कॉलेजांकडे यात खजिना आहे आणि तो कुणी वापरत नाही. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. संतांचे अभंग मोकळेच. पण अभंगाची चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल तर शब्द मोकळे आणि चाल बांधलेली, हा घोळ फार जण करतात, पारंपरिक वारकरी चालीत म्हटलं तर काहीच प्रश्न नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६, भास्करबुवा बखले १९२२, खाडिलकर १९४८, यांनी लिहिलेली आणि बांधलेली नाट्यपदं आज कुणीही, कुठंही, तिकीट लावून, लाइव्ह करून गाऊ शकतं. गदिमा १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत संरक्षित आहेत. माझी इच्छा आहे की प्रत्येक कॉलेजनं गॅदरिंगमध्ये एक तास तरी नाट्यसंगीत आणि लोकसंगीताला द्यावा, पोरांनी स्वतः बसवून, आणि तोच तास जगाला दाखवावा.

आता तुमचे दुसरे सर, भरून मोकळे व्हा वाले. जिथं सूट आहे तिथं भरू नका, कारण पुढच्या वर्षी तीच पावती दाखवून तुमच्याकडे आणि शेजारच्या कॉलेजकडे मागतील. पण जिथं लागतं तिथं रडत भरू नका हो. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं आयपीआरएसच्याच प्रकरणात असा अर्थ लावला की सिनेमासाठी लिहिलेल्या गाण्याचा मालक निर्माता, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं गीतकार-संगीतकारांना त्यांच्याच गाण्याच्या वापरातून हक्कानं काही मागता येत नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीनं ते बदललं, आता रॉयल्टीतला त्यांचा बरोबरीचा वाटा त्यांना लिहूनही देऊन टाकता येत नाही, फक्त वारसांना किंवा सोसायटीला. तुमच्या बँडच्या रात्रीचे पैसे खरंच एखाद्या गीतकाराच्या घरी जाऊ शकतात. त्यासाठी एक काम मात्र करा: कार्यक्रमानंतर कुठली गाणी झाली त्याची यादी गीतकार-संगीतकाराच्या नावासकट आयपीआरएसला पाठवा. यादी नसेल तर कुठलं गाणं झालं हे त्यांना कळणार कसं, आणि त्यात मराठी गाणी सगळ्यात आधी मागे पडतात. दोन पानांचं काम आहे, तुमची पोरं करतील.

आणि पोरांच्या स्वतःच्या रचना. विद्यार्थ्यानं गाणं लिहिलं, चाल लावली, तर हक्क त्याचा. कॉलेजच्या स्टेजवर झालं म्हणून कॉलेजचा होत नाही. चॅनलवर टाकायचं तर त्याची लेखी परवानगी घ्या, नाव द्या.

राहिलं ते मेलचं उत्तर. गप्प बसू नका आणि लगेच पैसेही पाठवू नका. लिहा की आमच्या कार्यक्रमाचे पहिले दोन दिवस कलम ५२(१)(जे) खाली येतात, त्यासाठी लायसन्स लागत नाही. तिसऱ्या दिवसासाठी आपण कुठल्या गाण्यांचे, कुठल्या हक्कांचे मालक किंवा सोसायटी आहात ते कागदांसह कळवा, म्हणजे हक्क लिहून दिल्याचा करार किंवा नोंदणी प्रमाणपत्र, कुठली लेबलं तुमच्याकडे आहेत त्यांची यादी आणि दरपत्रक. खऱ्या हक्कदाराकडे हे तयार असतं आणि दर वेबसाइटवर असतात. तरीही कागद न दाखवता धमक्याच येत राहिल्या तर कलम ६० आहे, विनाकारण कारवाईची धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्हालाच दावा लावता येतो, हे एका ओळीत शेवटी लिहून ठेवा. पत्र प्राचार्यांच्या सहीनं, जावक नंबर टाकून पाठवा, आणि तिसऱ्या दिवसाचा अर्ज पंधरा-वीस दिवस आधी करा, कारण आदल्या दिवशी अर्ज केला की घासाघीस करायला वेळच उरत नाही.